अन्ननलिकेचा कर्करोग कशाच्या जोरावर वाढतो आणि पसरतो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बायॉप्सीचा अहवाल हातात आला की त्यात टीपी५३, हर२, पीडी-एल१ अशी जनुकांची आणि प्रथिनांची नावे दिसतात आणि प्रत्येक नावामागे दहा प्रश्न उभे राहतात. इथली उत्तरे विद्यार्थी, तरुण डॉक्टर, प्रयोगशाळेत काम करणारे आणि आपल्या माणसाचा अहवाल समजून घेऊ पाहणारे नातेवाईक यांच्यासाठी आहेत. उपचार कोणता घ्यायचा हे मात्र अख्खी फाइल समोर असलेल्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे.

अन्ननलिकेचा कर्करोग हा एकच आजार आहे का?

नाही, आणि पुढचे सगळे या उत्तरावर उभे आहे. नळी एकच, पण तिच्यात दोन वेगळे आजार होतात. वरच्या आणि मधल्या भागात मुख्यतः स्क्वॅमस सेल कार्सिनोमा होतो. तो अन्ननलिकेच्या मूळच्या चपट्या पेशींच्या अस्तरातून निघतो. जठराजवळच्या खालच्या टोकाला अ‍ॅडेनोकार्सिनोमा होतो. तो ग्रंथीसारख्या पेशींचा असतो आणि बहुधा बॅरेट्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बदललेल्या अस्तरातून येतो. जगभर पाहिले तर सुमारे ८५ टक्के रुग्णांना पहिला प्रकार असतो.

२०१७ साली कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास या प्रकल्पाने अन्ननलिकेच्या १६४ गाठींचा जनुकीय अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात स्क्वॅमस गाठींचे साम्य तोंड-घशाच्या कर्करोगाशी निघाले, अ‍ॅडेनोकार्सिनोमाचे जठराच्या कर्करोगाशी, आणि या दोघांचे एकमेकांशी फारच कमी. म्हणून ‘अन्ननलिकेच्या कर्करोगात अमुक जनुक महत्त्वाचे’ असे कुठे वाचले, तर आधी विचारा: कोणत्या प्रकारात? ते लिहिलेले नसेल तर त्या विधानावर काहीच ठरवता येत नाही.

‘ड्रायव्हर’ म्युटेशन (डीएनएमधला बदल) म्हणजे काय?

एका गाठीच्या डीएनएमध्ये हजारो बदल सापडतात. त्यातले बहुतेक नुसते प्रवासी असतात. ज्या बदलामुळे पेशीला शेजारणींपेक्षा जगण्यात किंवा विभागण्यात फायदा मिळतो, तो ड्रायव्हर. तो ओळखताना एखादे जनुक किती गाठींत बिघडले आहे एवढेच मोजून चालत नाही. टीटीएन हे जनुक प्रचंड लांब आहे, त्यामुळे योगायोगानेच त्यात खूप बदल साठतात आणि ते प्रत्येक यादीत वर येते. लांबीचा हिशेब धरला की ते यादीतून गळते.

या कर्करोगात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. इथला बराचसा जोर डीएनएच्या एखाद्या अक्षराच्या बदलातून येत नाही, तर जनुकांच्या प्रती वाढण्या-हरवण्यातून येतो. एरवी जनुकाच्या दोन प्रती असतात. गाठीत त्या दहा-वीसही होऊ शकतात. फक्त अक्षरबदल वाचणारी जनुकीय चाचणी केली आणि प्रतींची संख्या पाहिलीच नाही, तर अहवाल ‘काही विशेष नाही’ असा येतो, आणि खरा ड्रायव्हर नजरेतून सुटतो.

निरोगी अन्ननलिकेतही अशी म्युटेशन असतात, हे खरे का?

खरे आहे, आणि या विषयातला सर्वांत डोळे उघडणारा शोध हाच, असे आम्हाला वाटते. २०१८ मध्ये निरोगी माणसांच्या अन्ननलिकेच्या अस्तराचे बारीक तुकडे घेऊन त्यांचा डीएनए वाचण्यात आला. मध्यमवयापर्यंत अस्तराचा मोठा भाग म्युटेशन असलेल्या पेशींच्या वसाहतींनी व्यापलेला निघाला. नॉच१ हे जनुक तर निरोगी अस्तरात इतक्या ठिकाणी बिघडलेले होते की स्क्वॅमस गाठींमध्येही ते प्रमाण सापडत नाही.

थोडा विचार केला की याचा अर्थ उलगडतो. नॉच१ बिघडलेल्या पेशी शेजारच्या पेशींना बाजूला सारून अस्तरावर आडव्या पसरतात, पण त्यांची गाठ होण्याकडे कल कमी असतो. उलट, त्या जागा अडवून ठेवतात आणि जास्त घातक पेशींना पाय रोवू देत नाहीत. उंदरांवरच्या प्रयोगांतही असेच दिसले. टीपी५३ची गोष्ट उलटी आहे. निरोगी अस्तरात ते थोड्या पेशींत बिघडलेले असते, स्क्वॅमस गाठींपैकी मात्र ९० टक्क्यांहून जास्त गाठींत. म्हणजे गाठीकडे जाण्याची वाट टीपी५३ बिघडलेल्या पेशींतून जाते. ‘म्युटेशन सापडले’ आणि ‘कर्करोग सापडला’ ही दोन वेगळी वाक्ये आहेत, हे यातून पक्के व्हावे.

टीपी५३ जवळजवळ सगळ्या गाठींत बिघडते, मग त्यावरच औषध का देत नाहीत?

कारण टीपी५३ हा ब्रेक आहे. डीएनएला इजा झाली की त्याचे प्रथिन पेशीला थांबवते, दुरुस्तीला वेळ देते, आणि दुरुस्ती जमली नाही तर पेशीला मरायला लावते. जास्त चालणारे प्रथिन औषधाने अडवता येते. मोडलेले प्रथिन पुन्हा चालू करणे फार अवघड. शिवाय ते प्रत्येक गाठीत वेगळ्या जागी मोडलेले असते.

तरी त्याचा उपयोग होतो तो निदानात. बॅरेट्सच्या बायॉप्सीवर पी५३चा (टीपी५३च्या प्रथिनाचा) रंग चढवतात तेव्हा दोन प्रकारची गडबड दिसू शकते: पेशींची केंद्रके गडद रंगतात, किंवा अजिबात रंगत नाहीत. दुसरा प्रकार नवख्या नजरेला ‘निगेटिव्ह, म्हणजे चांगले’ वाटतो. तसे नाही. निरोगी पेशींत थोडा फिकट, विखुरलेला रंग असतोच. तो शेजारच्या पेशींत आहे आणि याच पट्ट्यात पूर्ण गायब आहे, तर प्रथिन नाहीसे झाले असा त्याचा अर्थ, आणि तेही तितकेच गंभीर.

स्क्वॅमस प्रकारात वाढीचा जोर कुठून येतो?

पेशीचक्रापासून सुरुवात करू. विभागणीपूर्वी पेशीला एक फाटक ओलांडावे लागते. सायक्लिन डी१ ते उघडते, पी१६ ते बंद ठेवते. स्क्वॅमस गाठींत सायक्लिन डी१चे जनुक सीसीएनडी१ अनेकदा अनेक प्रतींत वाढलेले असते आणि पी१६चे जनुक सीडीकेएन२ए हरवलेले किंवा गप्प केलेले असते. दोन्हींचा परिणाम एकच, फाटक सताड उघडे.

दुसरी जोडी एसओएक्स२ आणि टीपी६३ यांची. ही दोन्ही जनुके तिसऱ्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर आहेत आणि चपट्या अस्तराची ओळख जपतात. निरोगी अस्तरात ती तळाच्या पेशींना ‘अजून प्रौढ होऊ नका, विभागत राहा’ असे सांगतात. प्रती वाढल्या की हा निरोप थांबतच नाही. त्याच भुजेवर पीआयके३सीए असते. तेही वाढते किंवा त्याचे एखादे अक्षर बदलते, आणि पेशीला ‘खायला भरपूर आहे, वाढ’ असा खोटा निरोप मिळत राहतो.

उपचारांच्या दृष्टीने एनआरएफ२ हे प्रथिन फार महत्त्वाचे. पेशीवर रासायनिक ताण आला की ते बचावाची यंत्रणा सुरू करते. एरवी केईएपी१ नावाचे प्रथिन त्याला पकडून नष्ट होण्यासाठी पाठवत असते. ही पकड सुटली की एनआरएफ२ कायम चालू राहते. मग रेडिएशन आणि केमोथेरपीने जी इजा व्हायला हवी, तिची विल्हेवाट गाठच लावून टाकते.

दारू आणि तंबाखू नेमके काय करतात?

दारूचे शरीरात आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड होते आणि मग एएलडीएच२ हे एन्झाइम त्याचे निरुपद्रवी अ‍ॅसिटेट करते. अ‍ॅसिटाल्डिहाइड डीएनएला चिकटते, धागे एकमेकांत अडकवते. पूर्व आशियातल्या अनेक लोकांत एएलडीएच२चा एक मंद प्रकार असतो. थोडी दारू घेताच त्यांचा चेहरा लाल होतो. हे एन्झाइम चार तुकडे जुळून तयार होते आणि एकही तुकडा सदोष असला तर अख्ख्या जोडणीचे काम मंदावते. म्हणून आई-वडिलांपैकी एकाकडूनच सदोष प्रत आलेल्या माणसाचे एन्झाइम निम्म्याहूनही बरेच कमी चालते. दोन्ही प्रती सदोष असलेल्यांना दारू सोसतच नाही, ते पीत नाहीत. धोका सर्वांत जास्त असतो तो एक प्रत सदोष असूनही सवयीने पीत राहणाऱ्यांना.

तंबाखूतली नायट्रोसमाइन्स आणि धुरातली इतर रसायने डीएनएवर थेट घाव घालतात. दारू आणि तंबाखू एकत्र आले की स्क्वॅमस प्रकाराचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा जास्त वाढतो. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा गरम पेयांना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये ‘बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकले. तिथे कारण उष्णता आहे, पेय कोणते हे नाही.

बॅरेट्सपासून अ‍ॅडेनोकार्सिनोमापर्यंतचा प्रवास कसा होतो?

जठरातले आम्ल आणि पित्त वर्षानुवर्षे वर येत राहिले की खालच्या टोकाचे चपटे अस्तर जाऊन तिथे आतड्यासारखे अस्तर येते. सीडीएक्स२ हे एरवी आतड्यात चालणारे जनुक तिथे चालू होते. बहुतेकांचा प्रवास इथेच थांबतो: पेशींत विकृती नसलेल्या बॅरेट्समधून कर्करोगाकडे जाणाऱ्यांचे प्रमाण दर वर्षी १ टक्क्याहूनही कमी आहे.

ज्यांचा पुढे जातो त्यांच्यात बदल नेहमी थेंबाथेंबाने साठत नाहीत. आधी टीपी५३ जाते. मग एखाद्या फसलेल्या विभागणीत पेशीतली सगळी गुणसूत्रे दुप्पट होतात. त्यानंतर गुणसूत्रे अक्षरशः फुटून, तुकडे उलटसुलट जुळून नवी होतात. साधारण एक तृतीयांश गाठींत अशा घटनेच्या खुणा आहेत. या पडझडीत हर२, ईजीएफआर, जीएटीए४, जीएटीए६, व्हीईजीएफए या जनुकांच्या प्रती वाढतात. कधी ते तुकडे गुणसूत्राबाहेर छोट्या गोल कड्यांच्या रूपात फिरत राहतात आणि विभागणीत दोन्ही लेकी पेशींना सारखे वाटले जात नाहीत. एकीला पाच कडी, दुसरीला पन्नास. औषध दिले की पन्नासवाली मरते, पाचवाली उरते, किंवा याच्या नेमके उलट होते.

म्हणून बॅरेट्सच्या देखरेखीत बायॉप्सी शिस्तीने घ्यावी लागते: दर २ सेंटिमीटरवर चारही दिशांनी, आणि पेशींत विकृती आधीच आढळली असेल तर दर १ सेंटिमीटरवर. एखाद-दुसरा तुकडा घेऊन ‘सगळे ठीक’ म्हणणे म्हणजे शेताच्या एका कोपऱ्यातली माती पाहून अख्ख्या शेताचा अंदाज बांधणे.

हा कर्करोग इतक्या लवकर का पसरतो?

काही दोष नळीच्या रचनेचा आहे. अन्ननलिकेच्या बहुतेक लांबीवर जठर-आतड्यांसारखे सिरोसा हे बाहेरचे घट्ट आवरण नसते, त्यामुळे भिंतीतून बाहेर पडलेली गाठ थेट श्वासनलिका, महाधमनी यांच्या शेजारी पोचते. दुसरे, इथे लसिकावाहिन्यांचे जाळे श्लेष्मल अस्तराच्या वरच्या थरांपर्यंत आलेले असते आणि ते उभे, लांबलचक धावते. त्यामुळे गाठीजवळच्या लसिकाग्रंथी स्वच्छ आणि मानेतली किंवा पोटातली ग्रंथी बाधित, असेही दिसते. गाठ अस्तरापुरती असली तर ग्रंथींत पसरण्याची शक्यता अगदी थोडी. ती सबम्युकोसा या पुढच्या थरात उतरली की ही शक्यता एकदम वाढते. काही मिलिमीटरचाही फरक नाही, पण दुर्बिणीतून काढून भागेल की मोठी शस्त्रक्रिया लागेल हे त्यावर ठरते.

आता रेणूंची बाजू. अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन या प्रथिनाने एकमेकींना घट्ट धरून असतात. आजूबाजूच्या पेशींकडून टीजीएफ-बीटा हा निरोप आला की स्नेल, ट्विस्ट, झेब१ ही नियंत्रक प्रथिने जागी होतात आणि ई-कॅडहेरिन बंद करतात. हात सुटलेल्या पेशी लांबट होतात, व्हायमेंटिन तयार करतात आणि सरकू लागतात. एमएमपी एन्झाइम्स अस्तराखालचा पायाचा पडदा कुरतडतात. गाठीच्या आत ऑक्सिजन कमी पडला की एचआयएफ-१ अल्फा टिकून राहते आणि व्हीईजीएफ-ए तयार करवून नव्या रक्तवाहिन्या बोलावते. व्हीईजीएफ-सी नव्या लसिकावाहिन्या आणते. गाठीभोवतीचे फायब्रोब्लास्ट आयएल-६सारखे निरोप सोडून हे सगळे चालू ठेवतात.

एक चूक पाठ्यपुस्तकांतल्या चित्रांमुळे होते. पेशी पूर्णपणे लांबट, सुट्या रूपात जाऊन तशाच राहतात असे नाही. बऱ्याचदा त्या अर्धवट बदललेल्या अवस्थेत झुंडीने सरकतात आणि यकृत, फुप्फुस, हाड अशा नव्या जागी रुजताना पुन्हा अस्तरासारख्या होतात. म्हणून यकृतातल्या गाठीत ई-कॅडहेरिन दिसले तर गोंधळून जाऊ नये.

ईजीएफआर इतक्या गाठींत वाढलेले असते, मग त्याची औषधे का चालली नाहीत?

ईजीएफआर हे वाढीचा निरोप पेशीच्या आत नेणारे, पडद्यावरचे प्रथिन. त्याची औषधे चालावीत अशी सगळ्यांची अपेक्षा होती. पण केमो-रेडिएशनला सेटुक्सिमॅब या ईजीएफआर अडवणाऱ्या औषधाची जोड दिलेल्या स्कोप१ चाचणीत (२०१३) जोड मिळालेल्या गटाचे आयुर्मान उलट कमी भरले. केमोथेरपीनंतर वाढलेल्या आजारात जेफिटिनिब हे ईजीएफआर अडवणारे दुसरे औषध देऊन पाहिलेल्या चाचणीत (२०१४) सरासरी आयुष्य वाढले नाही. मात्र जनुकाच्या प्रती वाढलेल्या थोड्या रुग्णांत फायद्याची चिन्हे होती. या चाचण्यांत रुग्णांची निवड ईजीएफआर तपासून केलेली नव्हती. शिवाय प्रथिन जास्त असणे म्हणजे गाठ त्याच्यावर अवलंबून असणे नव्हे. एक रस्ता अडवला की पीआयके३सीए किंवा हर२ च्या वाटेने तोच निरोप आत जातो.

हर२ची चाचणी कशी होते आणि कुठे चुकते?

हर२ हेही ईजीएफआरसारखे, वाढीचा निरोप आत नेणारे प्रथिन. ही चाचणी अ‍ॅडेनोकार्सिनोमात करायची. स्क्वॅमस प्रकारात हर२ क्वचितच वाढते. २०१० च्या टोगा चाचणीत जठर आणि जठर-अन्ननलिका सांध्याच्या हर२ पॉझिटिव्ह गाठींत केमोथेरपीला ट्रास्टुझुमॅब या हर२ वरच्या औषधाची जोड दिल्यावर सरासरी आयुष्य ११.१ महिन्यांवरून १३.८ महिन्यांवर गेले.

चुका बहुतेक नमुन्यातच होतात. हर२ गाठीत ठिपक्याठिपक्यांनी पसरलेले असते, म्हणून ६ ते ८ तुकडे घ्यावेत. तुकडे १० टक्के बफर्ड फॉर्मालिनमध्ये तासाभराच्या आत जावेत आणि ६ ते ७२ तास राहावेत. कमी वेळ ठेवले तर प्रथिन नीट टिकत नाही, खूप जास्त ठेवले तर रंग चढत नाही.

गुण देताना स्तनाच्या कर्करोगाची सवय सोडावी लागते. तिथे पेशीभोवती पूर्ण कडे रंगायला हवे. इथे पेशी ग्रंथी बनवतात आणि पोकळीकडची बाजू रंगत नाही, त्यामुळे रंग इंग्रजी ‘यू’ अक्षरासारखा दिसतो. तोही ग्राह्य आहे. बायॉप्सीत किमान ५ रंगलेल्या पेशींचा एक पुंजका पुरतो. शस्त्रक्रियेच्या नमुन्यात १० टक्के पेशी लागतात. तीव्रतेसाठी सूक्ष्मदर्शकाची एक सोपी कसोटी आहे: २.५ ते ५ पटींच्या भिंगातच रंग स्पष्ट दिसला तर ३ अधिक, १० ते २० पटींचे भिंग लागले तर २ अधिक, ४० पटींशिवाय दिसतच नसेल तर १ अधिक. ३ अधिक म्हणजे पॉझिटिव्ह. २ अधिक आले तर थांबायचे आणि फिश चाचणीने प्रती मोजायच्या. हर२ आणि १७व्या गुणसूत्राच्या खुणेचे गुणोत्तर २ किंवा अधिक असेल तर पॉझिटिव्ह.

पीडी-एल१चा सीपीएस कसा मोजतात?

पीडी-एल१ हे प्रतिकारक पेशींना थोपवणारे प्रथिन. ते दाखवणाऱ्या गाठीच्या पेशी आणि लिम्फोसाइट, मॅक्रोफेज या प्रतिकारक पेशी यांची बेरीज करायची, गाठीच्या जिवंत पेशींच्या एकूण संख्येने भागायचे आणि १००ने गुणायचे. समजा २०० जिवंत गाठपेशी मोजल्या. त्यातल्या १२ रंगल्या आणि आसपासच्या १४ लिम्फोसाइट-मॅक्रोफेज रंगल्या. २६ भागिले २०० गुणिले १००, म्हणजे सीपीएस १३. फक्त गाठपेशी धरणारा टीपीएस याच नमुन्यात ६ येईल. अहवालात नुसते ‘पीडी-एल१ १०’ लिहिले असेल तर कोणता गुणांक, हे विचारून घ्यावेच.

न्यूट्रोफिल, इओसिनोफिल, प्लाझ्मा पेशी आणि मेलेला भाग मोजायचा नाही. जिवंत गाठपेशी १०० पेक्षा कमी असतील तर नमुना अपुरा. आकड्याला एवढे महत्त्व का, तर कीनोट-५९० चाचणीत सीपीएस १० किंवा जास्त असलेल्यांत केमोथेरपीसोबत पेम्ब्रोलिझुमॅब हे ही अडवणूक सोडवणारे औषध दिल्यावर सरासरी आयुष्य १३.५ महिने होते, केवळ केमोथेरपीत ९.४ महिने.

क्लॉडिन १८.२ काय आहे?

जठराच्या पेशींना एकमेकींशी शिवून ठेवणारे प्रथिन. निरोगी अस्तरात ते शिवणीत दडलेले असते. गाठीत पेशींची मांडणी बिघडते आणि ते उघडे पडते, मग झोल्बेटुक्सिमॅब हे औषध त्याला पकडू शकते. हर२ निगेटिव्ह जठर आणि जठर-अन्ननलिका सांध्याच्या अ‍ॅडेनोकार्सिनोमात हा विचार होतो, आणि गाठीच्या किमान ७५ टक्के पेशींच्या पडद्यावर मध्यम ते गडद रंग लागतो. हेच प्रथिन निरोगी जठरातही असल्याने औषधामुळे मळमळ-उलट्या बऱ्याच होतात. त्याची तयारी पहिल्या डोसच्या आधीच करावी लागते.

हा कर्करोग घराण्यात येतो का?

बहुतेक वेळा नाही. टायलोसिस हा दुर्मिळ अपवाद: आरएचबीडीएफ२ या जनुकातल्या बदलामुळे तळहात-तळपायांची कातडी जाड होते आणि अशा कुटुंबांत स्क्वॅमस कर्करोगाचा धोका खूप जास्त असतो. त्यांची दुर्बिणीने नियमित तपासणी हवी.

एचपीव्ही या विषाणूमुळे होतो का?

घशाच्या कर्करोगात त्याचा मोठा वाटा आहे, पण २०१७ च्या जनुकीय अभ्यासात अन्ननलिकेच्या स्क्वॅमस गाठींमध्ये तसा पुरावा मिळाला नाही.

प्रयोगशाळेत काम सुरू करतोय. कोणत्या चुका टाळू?

पहिली, पेशींच्या ओळखीची. अ‍ॅडेनोकार्सिनोमाच्या म्हणून वर्षानुवर्षे वापरलेल्या एसईजी-१, बीआयसी-१ आणि एसके-जीटी-५ या पेशी दुसऱ्याच कर्करोगांच्या असल्याचे २०१० मध्ये उघड झाले. ईसीए-१०९ तर हेला या गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या पेशींनी दूषित आहे. पेशी आल्या त्या दिवशी एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून पेशींची ओळख पटवणारी चाचणी) करा आणि गोठवण्यापूर्वी पुन्हा करा. मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणीही सोडू नका.

दुसरी, आक्रमण मोजण्याची. ८ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेल या जेलचा थर देतात, वर सीरमविरहित माध्यमात पेशी, खाली १० टक्के सीरम, आणि सुमारे २४ तासांनी खाली उतरलेल्या पेशी मोजतात. पण एवढ्या वेळात बऱ्याच पेशी एकदा विभागतात. तुमच्या जनुकाने नुसती वाढ जोरात केली तरी खाली आकडा फुगतो आणि तुम्ही त्याला आक्रमण म्हणून बसता. म्हणून शेजारी मॅट्रिजेल नसलेला पडदा ठेवून दोन्हींचे गुणोत्तर काढा, आणि त्याच वेळात एकूण पेशी किती वाढल्या तेही वेगळे मोजा.

तिसरी, उंदरांची. ४एनक्यूओ हे रसायन प्यायच्या पाण्यातून, साधारण १०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर, १६ आठवडे देऊन स्क्वॅमस गाठी तयार करतात. जिभेवरही गाठी येतात आणि उंदीर खायचे थांबतात. वजन आठवड्यातून किमान दोनदा घ्या, नाहीतर उपासमारीचा परिणाम औषधाच्या खात्यावर जमा होतो.

उपचार चालू असताना गाठ पुन्हा वाढू लागली. जुन्याच अहवालावर पुढचे औषध ठरवायचे का?

शक्यतो नाही. ट्रास्टुझुमॅब घेतल्यानंतर बऱ्याच रुग्णांच्या गाठीत हर२ उरत नाही, कारण हर२ असलेल्या पेशी मेल्या आणि नसलेल्या वाढल्या. अशा वेळी पुन्हा हर२ वरचेच औषध द्यायचे ठरत असेल, तर आधी नवी बायॉप्सी मागा. ती नव्याने वाढणाऱ्या जागेतून घ्यायची, जुन्या गाठीतून सोयीचे म्हणून नव्हे. तुकडा घेणे धोक्याचे असेल तर रक्तातला गाठीचा डीएनए तपासता येतो. मात्र त्यात एक खाच आहे: गाठ रक्तात डीएनए फारच कमी सोडत असेल तर ‘हर२ नाही’ आणि ‘काहीच सापडले नाही’ हे दोन्ही निकाल कागदावर सारखेच दिसतात. म्हणून त्याच रक्तात टीपी५३सारखा, मूळ गाठीत आधी सापडलेला बदल दिसतो का ते पाहा. तो दिसला तर हर२चा निगेटिव्ह निकाल विचारात घेण्याजोगा. तोही दिसला नाही तर नमुना अपुरा धरावा.